हिंदाच्या घरचं ब्रिस्केट

हिंदा फेर्टिग उभ्याने जेवायला कधी लागली हे तिलाही सांगता आलं नसतं. तिचा नवरा अँशेल गेल्या हिवाळ्यात गेला. सात दिवसांच्या सुतकात घर माणसांनी भरलेलं होतं. लोक डबे घेऊन येत आणि तिला बळेबळे बसवून खायला घालत. मग डबे धुऊन परत गेले, माणसंही आपापल्या वाटेला लागली, आणि एकटीपुरतं ताट मांडायचा तिला कंटाळा यायला लागला. कंटाळा हा तिचा शब्द. खरं सांगायचं तर समोरची खुर्ची तिला बघवत नव्हती. तेव्हा फ्रिज उघडायचा, हाताला येईल ते दारातच उभ्याने तोंडात टाकायचं आणि दार लावायचं, झालं जेवण. सत्तेचाळीस वर्षं जिने नवऱ्यापुढे गरम सूप ठेवल्याशिवाय स्वतः घास घेतला नाही, त्या बाईची ही तऱ्हा.

अ‍ॅश्टन गॅप हे पेनसिल्व्हेनियातलं कोळशाचं गाव. आधी कोळसा संपला, मग कपडे शिवायचे कारखाने बंद पडले, आणि त्यांच्यामागोमाग ज्यू मंडळीही संपत आली. हिंदा लग्न होऊन आली तेव्हा टेकडीवर दोन सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनाघरं, होती आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, म्हणजे सगळं कसं रीतसर चाललं होतं. आता एकच उरलं होतं. त्याला धर्म सांगणारा रब्बी नव्हता, आणि भांडायला तर कोणीच नव्हतं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेही सणासुदीला शेजारच्या गावांतून गोळा करावे लागत. प्रार्थना चालवायचा शाया ब्लाऊ. माणूस जन्मभर चष्मे विकत आलेला, पण धर्मशास्त्रात कुठे काही अडलं की सगळे त्याच्याच दारात जात आणि त्याला आदराने रेब शाया म्हणत.

शायाची बायको गिटेल ही हिंदाची मैत्रीण. एकुलती एक म्हटलं तरी चालेल, कारण बाकीच्या एकेक करून टेकडीपलीकडच्या दफनभूमीत जाऊन राहिल्या होत्या. आणि आता ब्लाऊ नवरा-बायकोही निघाले होते. न्यू जर्सीत मुलाने त्यांच्यासाठी तळमजल्यावरचं घर घेतलं होतं. योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास सुटला की दुसऱ्या दिवशी सामानाची गाडी येणार होती. गिटेल हे सांगताना इकडे तिकडे बघत होती. हिंदा म्हणाली, बरं झालं, जिने चढायला नकोत तुम्हाला. ह्याहून जास्त त्या विषयावर दोघी बोलल्या नाहीत.

अँशेल गेल्यापासून हिंदा सगळीकडे पाहुणी झाली होती. शुक्रवारी सूर्य मावळला की लागणाऱ्या विसाव्याच्या दिवशी, शब्बाथला, कोणी ना कोणी बोलवायचंच, सणाला शिकागोच्या मुलीकडे जाणं व्हायचं. टेबलाच्या टोकाला, पोरांच्या शेजारी तिला बसवायचे आणि दर दोन मिनिटांनी विचारायचे, अजून घ्या ना, काही खातच नाही तुम्ही. लोक प्रेमाने करायचे, त्यात काही वाद नाही. पण तिला तो आवाज ओळखू यायचा. आजारी माणसाशी बोलताना जसा आवाज खाली येतो ना, तसा. घरी परत आल्यावर तिला वाटायचं, आपण ह्या घराच्याही पाहुण्याच झालोय.

म्हणून तिने ठरवलं. ब्लाऊ मंडळी जायच्या आधी एकदा, एकदाच, त्यांना आपल्या टेबलावर बसवून आपल्या हाताने वाढायचं. रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष, यंदा गुरुवार-शुक्रवारी येत होतं आणि त्याला लागूनच शब्बाथ. सणाच्या दोन्ही रात्री तिचं जेवण ब्लाऊंकडे ठरलेलं होतंच. तिने गिटेलला सांगून टाकलं की शुक्रवारी रात्री तुम्ही माझ्याकडे, मी ब्रिस्केट करते.

"ब्रिस्केट करणार? मग मी बुधवारपासूनच पोट रिकामं ठेवते," गिटेल म्हणाली.

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचं मांस. जन्मभर वजन पेलून चिवट झालेलं असतं ते. घाई करणाऱ्याच्या हातात त्याचं नुसतं पायताण होतं. पण चार तास झाकून मंद ठेवलं की काट्याने सुटावं इतकं मऊ पडतं. टेकडीवरची प्रत्येक बाई ब्रिस्केट करायची, पण हिंदाच्या ब्रिस्केटच्या रसाला काळपट रंग असायचा आणि मागून एक तुरट चव यायची, ती कोणालाच साधली नव्हती. गिटेल चाळीस वर्षं मागे लागली होती. तिने वाईन घालून पाहिली, सुकी आलुबुखारं घालून पाहिली, एकदा कोला ओतून सगळं घर चिकट करून ठेवलं. हिंदा नुसती हसायची.

खाटकाची गाडी बुधवारी दुपारी चारला आली, आणि साडेपाच पौंडांचा तुकडा आला तो बर्फासारखा गोठलेला. सकाळी आला असता तर तिने तेव्हाच शिजवून ठेवला असता, ब्रिस्केट दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं हे शहाण्या बाईला सांगावं लागत नाही. पण संध्याकाळी सण लागत होता. आता गुरुवारभर फ्रिजमध्ये त्याचा बर्फ सुटणार आणि तो शुक्रवारी शिजणार, एवढाच मार्ग होता.

पण शुक्रवारी शिजवायलाही आधी सोय करून ठेवावी लागते. सणाच्या दिवशी स्वयंपाक चालतो, पण तो त्याच दिवसापुरता. शब्बाथला चूल बंदच, आणि सणाच्या शुक्रवारी शब्बाथचं शिजवता येत नाही. त्यावर जुन्या लोकांनी तोड काढून ठेवली आहे. सण लागायच्या आधी एक पाव आणि एक शिजवलेली वस्तू, बहुतेक घरांत उकडलेलं अंडं, बाजूला काढायचं, चार ओळी म्हणायच्या, आणि शब्बाथचा स्वयंपाक आत्ताच सुरू केला असं धरायचं. ह्याला एरुव म्हणतात. ते अंडं शाबूत आहे तोवर शुक्रवारी चूल तुमची. ते गेलं की परवानगीही गेली.

हे काम अँशेलचं. हिंदाला त्यातलं एवढंच ठाऊक होतं की सणात फ्रिजमध्ये एक बशी मध्ये मध्ये येते आणि तिला हात लावला की अँशेल ओरडतो. यंदा तिने ते स्वतः केलं. शायाने ओळी मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या होत्या. बुधवारी सूर्य कलताना तिने बशीत अंडं आणि पाव ठेवला, चष्मा लावला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात त्या ओळी मोठ्याने वाचल्या. वाचून झाल्यावर कोणीतरी बरोबर म्हणेल म्हणून उगाच थांबली. मग बशी फ्रिजमध्ये वरच्या फळीवर ठेवली, ओव्हन आणि चुलीची एक शेगडी मंद आचेवर पेटवून ठेवली, कारण सणात नवी आग पेटवता येत नाही, आणि फ्रिजमधला दिवा काढून घेतला. दार उघडलं की दिवा लागणार, तेही सणात चालत नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला ती उठली. रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, असं डॉक्टरने तिला दरडावून सांगितलं होतं. बाहेर नुकतं फटफटत होतं, स्वयंपाकघरात अंधारच होता. मनात ब्रिस्केट घोळत होतं. किती कांदे लागतील, गाजरं पुरतील का, शायाला गोड जास्त चालत नाही. ती फ्रिजच्या दारात उभी राहिली, आत काळोखात हात घातला, हाताला अंडं लागलं. तिने ते सोललं, मीठ लावलं, दोन घासांत खाल्लं आणि गोळी गिळली.

मग मांस काढायला म्हणून तिने वरच्या फळीवरचं सामान सरकवलं, तर बशी हातात आली. बशीत पाव होता.

तिने बशी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती. स्वतःचा इतका राग तिला अँशेल दवाखान्यात होता त्या दिवसांतही आला नव्हता. उभ्याने खायची लाज असती तर ताट मांडलं असतं, ताट मांडलं असतं तर बघून घेतलं असतं. माणसासारखं जेवली असती तर हे झालं नसतं. हे ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली.

सणात फोन करता येत नाही. कोट चढवून ती दोन गल्ल्या उतरून ब्लाऊंकडे गेली. त्यांच्या ओसरीत खोकी रचलेली होती. शाया सिनेगॉगला निघायच्या तयारीत पांढरा झगा घालून उभा होता. हिंदाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"सगळं खाल्लंत?" शायाने विचारलं.

"सगळं."

"जैतुनाच्या फळाएवढा तुकडा तरी उरला असेल. तेवढ्याने भागतं."

"मीठ लावून खाल्लं, रेब शाया. तुकडे कसली ठेवते मी. पाव आहे अख्खा."

"पावाने नाही होत. शिजवलेलंच लागतं."

त्याला पुस्तक उघडून बघायचं होतं, पण पुस्तकं नवव्या खोक्यात गेली होती. खोक्याला टेप लावलेली होती आणि सणाच्या दिवशी टेप फाडता येत नाही. तो त्या खोक्यापुढे उभा राहून दाढी ओढत राहिला. मग म्हणाला की चूक त्याचीच आहे. पूर्वी रब्बी होते तेव्हा ते स्वतःचा एरुव ठेवताना सगळ्या गावाच्या नावाने ठेवायचे, कोणी विसरलं, कोणाचा गेला, तर त्यांच्यात सामील. त्यालाही तसं करता आलं असतं. पण चार घरं उरलीत, जो तो आपापलं करतो, म्हणून त्याने गाव धरलंच नाही. हे सांगताना तो चष्मा काढून पुसत होता.

"तुमच्यापुरतं एक लहान भांडं शिजवायला हरकत नाही," तो म्हणाला. "उपाशी राहा असं शास्त्र सांगत नाही. एकट्या माणसापुरतं एक भांडं. पण पाहुण्यांसाठी साडेपाच पौंड नाही."

एकट्या माणसापुरतं एक भांडं. शास्त्राने तिला बरोबर ओळखलं होतं.

गिटेल आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, एवढं काय त्यात, ट्यूना आहे घरात, कालचं सूप आहे, इथेच बसू तिघं, रात्री काय लागतं आपल्याला ह्या वयात. तिने हिंदाचा हात धरला आणि तिचा तो आवाज खाली आला, आजारी माणसाशी बोलताना येतो तसा.

हिंदाने हात सोडवून घेतला. "मला तुमच्याकडे नाही जेवायचं, गिटेल. दहा महिने जेवतेय सगळ्यांकडे. मला एकदा माझ्या टेबलावर तुम्हाला वाढायचंय. तुम्ही गेल्यावर मी कोणाला वाढू? सांग ना. कोण उरलंय?"

शाया खोक्याकडे बघत होता. पुस्तकात वाचावं तसं हळूहळू तो म्हणाला, "मांस देऊन टाका."

"कोणाला?"

"हिला. हिचा एरुव जागेवर आहे. तुम्ही मांस हिला बक्षीस द्यायचं. मग ते हिचं. हिने ते शिजवावं आणि वाटेल त्याला खायला घालावं. पण एक सांगतो. देणं खरं पाहिजे. नाटक नको, अट नको. हिने ते कुत्र्याला घातलं तरी तुम्ही ब्र काढायचा नाही."

"आपल्याकडे कुत्रा कुठाय," गिटेल म्हणाली.

"आणि तुम्ही हात लावायचा नाही," शाया हिंदाला म्हणाला. "ढवळायचंसुद्धा नाही." त्याला उशीर होत होता. त्याच्यावाचून तिथे कोणी सुरुवात करणार नव्हतं. तो झगा सावरत सिनेगॉगकडे निघून गेला.

गिटेलची भांडी बांधून झाली होती, तेव्हा दोघी हिंदाच्या घरी आल्या. हिंदाने मांस ताटात काढून टेबलावर ठेवलं. आता म्हणायचं एवढंच होतं, आणि तेच तिच्याने म्हणवेना. पाच मिनिटं ती कागद गोळा करत, टेबल पुसत राहिली. गिटेल बाह्या वर सारत उभी राहिली. अख्ख्या जगात हिंदाला आपलं म्हणून त्या दिवशी एक जेवण करायचं होतं, आणि त्यातला मांसाचा तुकडा आधीच दुसऱ्याच्या हवाली करायचा होता.

"घे," ती शेवटी म्हणाली. "तुला दिलं. तुझं."

दिलेली वस्तू उचलल्याशिवाय आपली होत नाही. गिटेलने दोन्ही हातांनी तुकडा ताटातून हातभर वर उचलला, जरा तसाच धरला, आणि खाली ठेवला. "बाई गं, हा खाटीक जनावर देतो की भिंत?" ती म्हणाली. पण तिचेही डोळे भरले होते.

पुढचा दीड तास हिंदाने जे सोसलं ते तिचं तिलाच ठाऊक. ती खुर्चीत बसली होती, हात मांड्यांखाली दाबून, कारण हात मोकळे ठेवले की ते आपणहून उठत होते. गिटेलने कांदे जाड कापले. बारीक काप गं, असं हिंदा म्हणाली, तर गिटेल म्हणाली माझे कांदे. मांस खरपूस व्हायच्या आत तिने उलटलं. हिंदा म्हणाली, अजून राहू दे, डाग पडले पाहिजेत. गिटेल म्हणाली, मालकीण कोण आहे इथे? दोघी हसल्या. हसताना हिंदाच्या लक्षात आलं की ह्या स्वयंपाकघरात कोणी मोठ्याने हसल्याला बरेच दिवस झाले.

कांदे परतून झाले, गाजरं पडली, लसूण, टोमॅटो, मूठभर साखर. मांस वर बसलं, चरबीची बाजू वर. गिटेलने विचारलं, पाणी किती?

आता आली होती ती जागा. चाळीस वर्षं ह्याच जागी तिने गिटेलला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं होतं.

"पाणी नाही," ती म्हणाली. "किटलीत कालचा कोरा चहा आहे. तो ओत."

गिटेलचा हात हवेतच राहिला. "चहा?"

"कोरा. कडक."

"चाळीस वर्षं," गिटेल म्हणाली. "वाईन म्हणू नकोस, कोला म्हणू नकोस. न्यू यॉर्कहून मसाले मागवले मी. आणि तू शिळा चहा ओतत होतीस?"

मग हिंदाने सांगितलं. तिची आई खानावळ चालवायची, फेरीवाले जेवायला यायचे. वाईनला पैसे कुठले. फेरीवाले ग्लासात टाकून गेलेला चहा आई एका भांड्यात जमवायची आणि सणाला त्यात मांस शिजवायची. लोक बोटं चाटत आणि म्हणत, ह्या बाईच्या हाताला काय चव आहे. हिंदा लहान होती. ग्लास गोळा करायचं काम तिचंच होतं.

"मी उष्टा नाही कधी घातला," ती घाईने म्हणाली. "माझ्या घरी ताजा करून ठेवलेला असतो. पण सांगायची लाज वाटायची. अँशेललासुद्धा नाही सांगितलं."

गिटेलने किटली उचलली आणि चहा ओतला. झाकण लावून ओव्हनमध्ये ठेवलं, हात पुसले. "तिकडे गेल्यावर मी हे केलं," ती म्हणाली, "तर सांगीन की हे हिंदाचं आहे."

"नको सांगूस. तिकडे मला कोण ओळखतंय."

नव्या वर्षाचं मेंढ्याचं शिंग फुंकायच्या वेळेला दोघी धापा टाकत सिनेगॉगमध्ये पोचल्या. बायकांच्या बाजूला त्या धरून पाच जणी होत्या. शिंगाचे सूर ऐकताना हिंदाने डोळे मिटले. तिने काय मागितलं हे मला ठाऊक आहे, कारण ते तिने नंतर कबूल केलं. नव्या वर्षासाठी माणसं आयुष्य मागतात, आरोग्य मागतात. ती म्हणाली होती, ब्रिस्केट वातड होऊ देऊ नकोस.

ते वातड झालं नाही. दुपारी गिटेलने झाकण काढून काटा खुपसला आणि तो अलगद आत गेला. सगळ्या घरात तो वास भरला होता, आणि हिंदा जिन्यात उभी राहून तो घेत राहिली. सूर्य मावळायच्या आधी गिटेलने ते रेषांच्या आडवं कापलं. पहिले दोन काप रेषांच्या बाजूने गेले, तेव्हा हिंदाच्या तोंडून हाय निघाली. मग हिंदाने चुलीच्या ज्योतीवरून मेणबत्त्या लावल्या. टेबलावर पांढरी चादर, चांगल्या ताटल्या, चार खुर्च्या. अँशेलच्या खुर्चीत शाया बसला नाही. त्याने शेजारची ओढून घेतली, न विचारता.

जेवण उत्तम झालं. हे मी उगाच म्हणत नाही. शायाने तीनदा घेतलं आणि शाया कमी खाणारा माणूस. रसाचा रंग तोच, मागची ती तुरट चवही तीच. हिंदाच्या हाताहून कणभर कमी नव्हतं ते, आणि हेच तिला लागलं. सकाळपासून चुलीपाशी असल्यामुळे गिटेल आत-बाहेर करत होती. हिंदाचा एप्रन तिच्या कमरेला होता, मोठा चमचा तिच्या हातात होता. शायाला वाढून ती हिंदाच्या ताटावर वाकली आणि म्हणाली, "अजून घे ना, हिंदा. काही खातच नाहीस तू."

बोलून गेल्यावर तिला कळलं का, सांगता येत नाही. तिने एक काप वाढला आणि ती खाली बसली. हिंदाने तो काप खाल्ला. तिच्याच टेबलावर, तिच्याच चादरीवर ती पुन्हा टोकाला बसलेली पाहुणी झाली होती. मांस दिलं, चहाचं गुपित दिलं, आता चमचाही गेला. देणं खरं पाहिजे असं शाया म्हणाला होता, आणि ते अगदी खरं झालं होतं. आता तक्रार तरी कोणाकडे करायची.

मग जेवणानंतरची प्रार्थना आली. शाया ती सावकाश, सुरात म्हणायचा. तिच्या शेवटाकडे एक ओळ असते, ज्याच्या घरी आपण जेवलो त्या यजमानाला आशीर्वाद देण्याची. पाहुण्याने ती म्हणायची असते. हिंदाने गेले दहा महिने ती किती टेबलांवर किती लोकांसाठी पुटपुटली होती. एकटी असताना ती त्या ओळीपाशी आली की पुढे उडी मारायची. स्वतःच स्वतःला आशीर्वाद कसा द्यायचा, म्हणायची.

शाया त्या ओळीपाशी आला आणि थांबला.

तो तसाच माणूस होता. शास्त्रात अडकला की देवालाही ताटकळत ठेवायचा. मांस कोणाचं होतं? त्याच्या बायकोचं. शिजवलं कोणी? त्याच्या बायकोने. मग आपण जेवलो कोणाकडे? त्याने ब्रिस्केटच्या रिकाम्या होत आलेल्या भांड्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. गिटेलने टेबलाखालून त्याला पाय मारला. चादर हलली तेव्हा हिंदालाही ते दिसलं.

शायाने डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "त्या दयाळूने ह्या घराच्या मालकिणीला आशीर्वाद द्यावा. हिंदाला. तिला, तिच्या घराला आणि तिचं जे जे काही आहे त्याला."

"आमेन," गिटेल म्हणाली.

प्रार्थनेत ह्या घराचं नाव आता कोणी घेत नव्हतं, अँशेल गेल्यापासून हिंदानेही नाही. आणि ब्लाऊ गेल्यावर ते कोण घेणार, हेही तिला त्याच क्षणी कळत होतं. तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

प्रार्थना संपली. गिटेल सवयीने उठली आणि ताटल्या एकात एक रचायला लागली.

"ठेव त्या," हिंदा म्हणाली. "माझ्या घरी पाहुणे ताटं उचलत नाहीत."

गिटेलने हातातल्या ताटल्या खाली ठेवल्या. कमरेचा एप्रन सोडून तिने तो घडी करून हिंदाला दिला, आणि ती गुपचूप खुर्चीत बसून राहिली.